गळ्यातला क्रॉस आणि गावठाणातला क्रॉस

दोन्ही क्रॉसच, पण अर्थ बराच वेगळा. गळ्यातला क्रॉस हा एकट्याचा, बऱ्याच कॅथलिक घरांत फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे लहानपणी चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेतात त्या विधीला, गिफ्ट मिळतो, शर्टाच्या आत असतो, परीक्षेला किंवा ऑपरेशनला जाताना नकळत हात तिथे जातो. घातलाच पाहिजे असा काही नियम नाही, कित्येक प्रोटेस्टंट घालतही नाहीत आणि त्याने त्यांची श्रद्धा कमी होत नाही.

गावठाणातला क्रॉस मात्र सगळ्यांचा. बांद्रा, गिरगाव भागात फिरा, गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रॉस दिसतील, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या साथीत आणि नंतर लोकांनी संरक्षणासाठी किंवा वाचलो म्हणून आभार मानायला उभारले, आणि आजही मे महिन्यात ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर कॅथलिक समाजातली कुटुंबं तिथे जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात, आजूबाजूचे हिंदू शेजारीसुद्धा फुलं वाहतात. रस्ता रुंदीकरणात असा एखादा हलवायचं निघालं की लोक एवढे का कळवळतात ते यातून कळतं, तिथे त्यांच्या आजीपणजीची प्रार्थना आहे.

मला विचाराल तर गावठाणातला जास्त मोठा वाटतो, कारण तो एकट्याने सांभाळताच येत नाही, सगळ्यांना मिळूनच रंग द्यावा लागतो, दिवा लावावा लागतो.