भयपटासाठी हे चित्रपटगृह कसे आहे?

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका मल्टिप्लेक्समध्ये तो रात्रीच्या शेवटच्या खेळाला पाहिला. खुर्च्या आरामशीर आहेत आणि स्वच्छता उत्तम आहे. मात्र भयपट दाखवणे ही वेगळी जबाबदारी आहे, आणि तिथे हे चित्रपटगृह कमी पडते.

अलीकडच्या बऱ्याच भयपटांत प्रेक्षकाला घाबरवण्याऐवजी केवळ दचकवले जाते. शांत प्रसंगात अचानक कर्कश आवाज केला की कोणीही दचकेल, फटाक्यानेही माणूस दचकतोच. पण ते क्षणात ओसरते. ‘तुंबाड’मध्ये साखळदंडाने बांधलेली आजी बराच वेळ नीट दिसतच नाही. तिला झोपेतच भरवायचे आणि ती जागी झाली तर हस्तर या शापित देवाचे नाव घ्यायचे, एवढे आपल्याला ठाऊक असते, आणि हा नियम आता मोडणार या धास्तीनेच जीव टांगणीला लागतो. २०१७ च्या ‘लपाछपी’ या मराठी भयपटाने तर लख्ख उन्हात, उसाच्या फडात ही धास्ती उभी केली. निफाडच्या बाजूला डोक्यापेक्षा उंच उसातून एकटे चाललेल्यांना ती लगेच कळेल.

अशा चित्रपटाला काळोख आणि शांतता लागते. येथे पडद्यावरचा उजेड इतका मंद होता की पावसात भिजलेल्या वाड्याच्या भिंती आणि त्यांपुढची माणसे एकमेकांत मिसळून गेली. शेजारच्या पडद्यावरच्या गाण्याचा ठेका भिंतीतून ऐकू येत होता. त्यातच, ‘तुंबाड’चा नायक, छोटा विनायक, आजीजवळ एकटा असताना कर्मचारी टॉर्च लावून आमच्या रांगेत समोसे देत फिरत होता. दिग्दर्शकाने एवढ्या कष्टाने साधलेली शांतता त्या उजेडात पार विरून गेली, याचे मनापासून वाईट वाटले. मध्यंतराने आणि त्यानंतरच्या जाहिरातींनी उरलासुरला ताणही घालवला. दोन तासांहून लहान असलेला भयपट मध्यंतराशिवाय दाखवायला काय हरकत आहे? निदान खेळ चालू असताना जागेवर खाद्यपदार्थ देणे तरी थांबवावे.

मारधाडीच्या किंवा विनोदी चित्रपटासाठी येथे खुशाल जावे. भयपटच पाहायचा असेल, तर मागच्या बाजूच्या मधल्या खुर्च्या घ्याव्यात, आणि शेजारच्या पडद्यावर त्या वेळी कोणता चित्रपट आहे हे पाहूनच तिकीट काढावे.