एकच झोन, वेगवेगळे झोन की मुंबई-हैदराबाद? नागपुरात बसून डेटाबेसची दुसरी कॉपी कुठे ठेवायची

आपल्याकडे बऱ्याच छोट्या कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर क्लाउडच्या व्हीएमवर (भाड्याच्या आभासी मशीनवर) टाकून राहिल्या आणि सगळ्यांना एकच विचारायचं असतं, एक मशीन बसलं तर धंदा थांबू नये पण स्पीडही जाऊ नये, मग डेटाबेस मांडायचा कसा. उदाहरणाला कळमना मार्केटमधल्या अडत्याचं बिलिंग घ्या. संत्र्याचा लिलाव चालू आहे, भाव फुटला की एंट्री, पुढचा ढीग, पुन्हा एंट्री. तिथे स्क्रीन अडकली तर चालत नाही आणि झालेली एंट्री गायब झाली तर त्याहून चालत नाही. मी पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून बोलतो, मायएसक्यूएलमध्ये सेटिंगची नावं बदलतात, हिशोब बराचसा तोच.

आधी अंतराचा विषय संपवू. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई सरळ रेषेत ७०० किमीच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद तर कोणाच्या बापालाही चुकत नाहीत, प्रत्यक्षात जास्तच लागतात. त्यामुळे अ‍ॅप सर्व्हर आपल्या ऑफिसात आणि डेटाबेस मुंबईत असं करूच नका, एका स्क्रीनला २५ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) असतील तर तो वेळ २५ वेळा मोजावा लागतो. अ‍ॅप डेटाबेसच्या शेजारी ठेवा, नागपूरहून एकच फेरी होऊ द्या. आणि हो, नकाशावर हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे, पण तुमच्या लाइनचा ट्रॅफिक आधी मुंबईला जाऊन मग हैदराबादला जात असेल तर त्या जवळपणाचा उपयोग शून्य, घेण्याआधी ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) मारून बघा.

आता पर्याय. रीजन म्हणजे क्लाउड कंपनीचं एका शहराभोवतीचं ठाणं, आणि झोन म्हणजे त्यातला वेगळ्या वीज-कूलिंगवरचा डेटा सेंटरचा गट. पहिला, दोन्ही मशीन मुंबईच्या एकाच झोनमध्ये. सगळ्यात फास्ट, नेटवर्कची फेरी एक मिलिसेकंदाच्याही आत. पण झोनची वीज किंवा कूलिंग गेलं तर दोन्ही एकदमच जातात. यात लोक अजून एक घोळ करतात, स्पीडसाठी क्लस्टर प्लेसमेंट ग्रुप (मशीन कुठे बसवायच्या ते ठरवणारं सेटिंग) निवडतात, आणि तो मशिनींना मुद्दाम जवळजवळ ठेवतो. डेटाबेसच्या जोडीला स्प्रेड ग्रुप पाहिजे, त्यात रॅक (मशिनींची कपाटं) तरी वेगळे मिळतात. हमीचे आकडेही बघून घ्या, एडब्ल्यूएस (अमेझॉनचं क्लाउड) एकट्या मशीनला महिन्याला ९९.५ टक्के म्हणते, म्हणजे साडेतीन तासांवर बंद राहिलं तरी ते हमीत बसतं; मशीन एकापेक्षा जास्त झोनमध्ये पसरली तर ९९.९९, म्हणजे साधारण ४ मिनिटं. आणि ही हमी मशीनची आहे, तुमच्या पोस्टग्रेसची नाही.

दुसरा पर्याय, एकाच रीजनचे वेगवेगळे झोन, आणि माझं मत सरळ इकडेच आहे. सिंक रेप्लिकेशन (दुसऱ्या कॉपीने ‘मिळालं’ म्हटल्यावरच एंट्री झाली म्हणायचं) लावलं की प्रत्येक कमिटमागे, म्हणजे एंट्री पक्की करताना, एखाद-दोन मिलिसेकंद वाढतात. लोक याला घाबरतात पण खरा मार कुठे बसतो ते बघा: ४० ओळींचं बिल, प्रत्येक ओळीला वेगळं कमिट, तर २ मिलिसेकंदांच्या हिशोबाने ८० झाले, तेच बिल एका ट्रान्झॅक्शनमध्ये टाकलं तर २ मध्ये काम झालं. म्हणजे झोन बदलण्याआधी कोड बघा राजेहो.

इथली खरी अडचण वेगळी आहे. सिंक स्टँडबाय (दुसरी कॉपी ठेवणारं मशीन) एकच असेल आणि तोच पडला तर प्रायमरी (मुख्य मशीन) चांगला असूनही कमिट लटकून राहतं, म्हणजे दुसरं मशीन घेतलं बंद पडू नये म्हणून आणि आता त्याच्यामुळेच बंद. म्हणून स्टँडबाय दोन ठेवा आणि सेटिंग ‘एनी १’ करा, दोघांपैकी कोणीही एकाने हो म्हटलं की बस. लटकलेलं कमिट अ‍ॅपने कॅन्सल केलं तरी प्रायमरीवर ते झालेलं असतं, त्यामुळे एरर आला म्हणून ऑपरेटरने तीच एंट्री परत मारली की डबल बिल. प्रत्येक एंट्रीला युनिक नंबर द्या.

फेलओव्हरसाठी (प्रायमरी गेला की स्टँडबायला पुढे करण्यासाठी) पॅट्रोनी हे सॉफ्टवेअर आणि त्याच्यामागे, सध्या प्रायमरी कोण याची बहुमताने नोंद ठेवणाऱ्या ईटीसीडीचे तीन नोड (मशीन), तीन वेगळ्या झोनमध्ये. दोन नोड एकाच झोनमध्ये ठेवले आणि तोच झोन गेला तर बहुमतच उरत नाही. पॅट्रोनीचा टीटीएल (एवढ्या वेळात प्रायमरीने ‘मी जिवंत आहे’ कळवलं नाही तर तो गेला समजायचं) मुळात ३० सेकंदांचा आहे, म्हणजे प्रायमरी अचानक मेला तर अर्धा-पाऊण मिनिट धरून चाला. तो कमी करायचा मोह होतो, पण मग नेटवर्कला जरा उचकी लागली की उगाच फेलओव्हर. फ्लोटिंग आयपीच्याही (एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवायचा पत्ता) भरवशावर राहू नका, एडब्ल्यूएसवर सबनेट (आतल्या पत्त्यांचा गट) झोनला बांधलेलं असतं, आतला प्रायव्हेट आयपी दुसऱ्या झोनमध्ये उडी मारत नाही. एचएप्रॉक्सी (कनेक्शन चालू प्रायमरीकडे वळवणारं सॉफ्टवेअर) लावा किंवा कनेक्शन स्ट्रिंगमध्येच सगळे होस्ट द्या. झोनच्या मधल्या डेटाला पैसे लागतात, एडब्ल्यूएसवर जीबीमागे दोन्ही बाजूंना एक-एक सेंट, तेवढं बजेटमध्ये धरा.

डिस्कचं थोडक्यात. लोकल एनव्हीएमई (मशीनलाच जोडलेली डिस्क) भयंकर फास्ट, पण मशीन स्टॉप केलं की डेटा साफ, त्यामुळे तीन झोनमध्ये कॉपी असेल तरच तिच्या नादी लागा. बाकीच्यांना जीपी३ (एडब्ल्यूएसची नेटवर्कवरची साधी डिस्क) पुरते, ३००० आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याची कामं) मुळातच मिळतात.

तिसरा पर्याय मुंबई-हैदराबाद. एडब्ल्यूएसचं हैदराबाद रीजन २०२२ पासून आहे. (गूगलवाल्यांना मुंबई-दिल्ली; अझूरच्या रीजनचं नाव सेंट्रल इंडिया, पण आहे पुण्यात.) इथे सिंक लावलं तर प्रत्येक कमिटला ६ मिलिसेकंदांच्या वरच जातील, लिलावाच्या गर्दीत ते जाणवतं. असिंक (दुसऱ्या कॉपीची वाट न बघता) ठेवा, शेवटच्या काही एंट्री जाऊ शकतात हे मालकाला आधीच सांगा, आणि तिकडचं प्रमोशन (त्या कॉपीला प्रायमरी करणं) ऑटोमॅटिक करू नका. दोन शहरांमधली लिंक तुटली एवढ्यावर हैदराबाद स्वतःला प्रायमरी समजायला लागलं तर दोन वह्यांमध्ये दोन वेगळे हिशोब, आणि ते जुळवायला आठवडा कमी पडेल. म्हणजे ही कॉपी दुसऱ्या पर्यायाच्या जागी नाही, त्याच्या सोबतीला.

हे सगळं वाचून डोकं गरम झालं असेल आणि रात्री दोनला फोन उचलणारा माणूस टीममध्ये नसेल तर व्हीएम सोडा, मल्टी-एझेड आरडीएस (एडब्ल्यूएस स्वतः सांभाळतं तो अनेक झोनमधला डेटाबेस) घ्या. फेलओव्हरला साधारण एक ते दोन मिनिटं लागतात, बिल जास्त येतं, सुपरयूझर (डेटाबेसचे पूर्ण अधिकार) मिळत नाही, पण ईटीसीडीची डिस्क का भरली हे कोणी तुम्हाला विचारत नाही.