काइट बगी: छोटी घ्यावी की मोठी? (बीचवर स्पीड हवा असेल तर)

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो, मग वाटलं तर पुढचं वाचा. पहिलीच बगी असेल तर छोटी घ्या आणि तीही सेकंडहँड. मोठी कधी? तर पतंग डोळे झाकून सांभाळता येतोय, छोट्या बगीत ताशी 50-60 किमीच्या वर गेलं की मागची चाकं सरकायला लागलीयेत, आणि घराजवळ कडक वाळूचा लांब-रुंद बीच आहे, या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तेव्हाच. आपल्याकडे फ्रिज घेताना "एकदाच घेऊ, मोठाच घेऊ" म्हणतात ना, तो हिशेब इथे सपशेल चुकतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तीन चाकं, मध्ये कापडी झोळीची सीट, पुढचं चाक दोन्ही पायांनी वळवायचं, इंजिन नाही, ब्रेक नाही, ओढायला पतंग. आत्ता जी बगी दिसते ती न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी 1990 च्या आसपास बाजारात आणली, पण कल्पना फार जुनी आहे, इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट 1826 मध्येच घेतलं होतं. तिकडे तेव्हा टोल घोड्यांच्या संख्येवर घ्यायचे आणि यांच्या गाडीला घोडाच नाही, त्यामुळे टोलही नाही! असो.

मी हॅम्बुर्गला असतो त्यामुळे माझ्या डोळ्यासमोर दोनच बीच आहेत, जर्मनीतलं सांक्ट पेटर-ऑर्डिंग आणि त्याच्या वर डेन्मार्कमधलं रोमो बेट. तुम्ही हॉलंड, बेल्जियम, इंग्लंडला असाल तर वाळू आणि नियम थोडे वेगळे असतील, बाकी गणित तेच.

आता छोटी म्हणजे किती छोटी. साधारण 20-22 किलोची, मागचा एक्सल (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) मीटर-सव्वा मीटर, चाकं ढकलगाडीला असतात तसली, 40 सेंटीमीटरच्या आसपास व्यासाची. मोठी म्हणजे रेसची बगी, 50-60 किलो, एक्सल दीड ते पावणेदोन मीटर, पुढचा पाइप लांब, पाठीला टेका, पुढच्या चाकावर मडगार्ड. काही जण तर एक्सलच्या पाइपात शिसं नाहीतर लोखंडी सळई भरून अजून जड करतात. नवीन माणसाला हेच कळत नाही की स्पीड पाहिजे तर वजन वाढवायचं कशाला? सायकलवाले ग्रॅम-ग्रॅम कमी करतात आणि हे लोक शिसं भरतायत.

तर त्याचं कारण असं की बगीला पुढे ढकलणारं काही नाहीये. पतंग ओढतो तो बराचसा बाजूला, आणि ती बाजूची ओढ टायरने वाळूत धरून ठेवली तरच उरलेल्या ओढीचा स्पीड होतो. धरली नाही की बगी तिरकी सरकते, मागून वाळूचा फवारा उडतो, फोटोत फार भारी दिसतं पण जीपीएसवर आकडा खाली येत असतो. एक ढोबळ हिशेब करू. तुमचं वजन 75 किलो, पतंग बाजूला, दोऱ्या जमिनीशी 30 अंशात, आणि वाळूची पकड चाकांवर येणाऱ्या वजनाच्या निम्मी धरली. 22 किलोच्या बगीत एकूण 97 किलो झाले. पतंगाची ओढ साधारण 43 किलोवर गेली की ही बगी सरकते. 60 किलोच्या बगीत एकूण 135 होतात आणि ती जवळजवळ 60 किलोपर्यंत धरून ठेवते. म्हणजे ओढीत चाळीस टक्के फरक, फक्त लोखंडाच्या जोरावर. 30 अंशात पतंग नुसता बाजूला ओढत नाही, अर्धी ओढ वर उचलायलाही लावतो, तेवढं वजन चाकांवरून कमी होतं, तेही या हिशेबात धरलंय. ओली वाळू, सुकी वाळू, टायर कसे आहेत यावर आकडे बदलतील, पण छोटी आधी हरते हे बदलत नाही.

म्हणूनच त्याच वाऱ्यात, त्याच बीचवर मोठी बगीवाला मोठा पतंग लावून निघून जातो आणि आपण मागून तिरके तिरके जात बसतो. कडक वाळूवर छोटीत ताशी 50 ते 70 किमी हा नेहमीचा पट्टा समजा, मोठीत 80-90 गाठणारे रोजचे लोक आहेत आणि शंभर ओलांडणारेही आहेत. 130 च्या वरचे रेकॉर्ड मात्र बीचवर झालेले नाहीत, ते अमेरिकेत नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या सीमेवर इव्हानपा नावाचं कोरडं तळं आहे तिथले, जमीन टेबलासारखी सपाट. बीचवर तसली जमीन नसते, त्यामुळे ते व्हिडिओ बघून बगी निवडू नका प्लीज.

दुसरा मुद्दा स्टिअरिंगचा, आणि माझ्या मते छोटी सोडायचं खरं कारण हेच असतं, सरकणं नाही. छोटीचं पुढचं आणि मागचं चाक जवळजवळ असतं, त्यामुळे पाय जरासा हलला तरी ती वळते. 30 ला हीच मजा आहे. 65 ला एखादा वाळूचा उंचवटा लागला की पाय आपोआप हलतो, बगी हलते, ती सावरायला तुम्ही दुसरा पाय दाबता, ती उलटी हलते, आणि हे चालू झालं की दातावर दात आपटायला लागतात. मोठी तिथे रेल्वेसारखी सरळ जाते. बसल्या बसल्या कंबर बाजूच्या पाइपला टेकलेली असते, ओढ हार्नेसमधून (पतंगाला जोडलेला कमरेचा पट्टा) फ्रेममध्ये जाते, हातात फक्त पतंगाचा कंट्रोल, अंगाला त्रास कमी. तासभर चालवून उतरलं की फरक मांड्यांना विचारा.

पण (आणि हा पण मोठा आहे) मोठीला जागा लागते. ताशी 36 किमीला वळायला साधारण 20 मीटर त्रिज्या धरली तर 72 ला तेवढ्याच जोराने वळायला 80 लागतात, स्पीड दुप्पट तर वळण चौपट. म्हणजे पूर्ण यू-टर्नला 160 मीटर रुंदी. वळायच्या आधी स्पीड कमी करणार हे खरं, पण कमी करायलाही अंतर पाहिजेच, इथे ब्रेक नाही, पतंग वर घ्यायचा, वाऱ्याकडे वळायचं, असं करत करत थांबायचं. 90 च्या स्पीडला अर्धा किलोमीटर 20 सेकंदात संपतो! भरती येत असेल, बीच शंभर-दीडशे मीटरचा उरला असेल, कुत्रे फिरवणारी माणसं असतील, तर तिथे मोठी बगी नुसती ओझं आहे. छोटीवाला मात्र त्याच पट्ट्यात आठ-आठ करत मस्त खेळत राहतो.

रोमोच्या दक्षिणेकडचा बीच हा मोठीसाठी बनवल्यासारखा आहे, रुंदी किलोमीटरमध्ये मोजायची, ओहोटीला वाळू कडक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी थेट वाळूवर नेता येते. हा मुद्दा लोक विसरतात. बगी घेताना तुम्ही स्पीडचा विचार करता, पण दर वेळी तुम्हाला ती गाडीतून काढायची, जोडायची आणि वाऱ्यापर्यंत न्यायची असते. पार्किंग टेकडीच्या अलीकडे आणि बीच पलीकडे असेल तर 60 किलोचं लोखंड मऊ वाळूतून ओढत नेताना सगळा उत्साह तिथेच संपतो. छोटी एका खांद्यावर सीट, दुसऱ्या हातात पतंगाची बॅग अशी निघते. मोठीचा एक्सल साध्या हॅचबॅकच्या डिकीत आडवा बसतच नाही, सीट पाडून तिरका घालावा लागतो किंवा व्हॅन पाहिजे. घरात लहान मुलं असतील, गाडीत त्यांच्या खुर्च्या असतील, तर हा प्रश्न तिथेच संपला.

हलका वारा असला की काय? कडक वाळूवर मोठी जड असूनही चांगली पळते, एकदा निघाली की झालं. पण मध्ये सुकी मऊ वाळू आली की ती रुतते आणि मग उतरून ढकला. मऊ वाळूसाठी रुंद फुगीर टायर मिळतात, त्यांना बिगफूट म्हणतात, हवा अगदी कमी ठेवायची, अर्ध्या बारच्या आसपास. छोट्या बगीला हे टायर लावणं हा मस्त प्रकार आहे, जिथे बाकीचे अडकतात तिथे तुम्ही तरंगत जाता. फक्त स्पीडसाठी घेणार असाल तर नको, कडक वाळूवर ते चेंडूसारखे उसळतात आणि जोरात गेलं की वारा पण जास्त अडवतात. रोमोला बारीक टायर, मऊ बीचला बिगफूट, इतकं सरळ आहे ते.

पडण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. छोटीतून माणूस उचलला जाऊन बाहेर पडतो, बगी मागे राहते किंवा उलटून अंगावर येते, 20 किलो म्हणजे खरचटतं, मुका मार बसतो. मोठी सहसा उलटत नाही, तिची सीट खोल, तुम्ही आत घट्ट, पण उलटलीच तर तेव्हा स्पीड पण जास्त असतो आणि अंगावर 60 किलो. मोठी सेफ वाटते आणि वाटते म्हणूनच माणूस अजून मोठा पतंग लावतो. हेल्मेट, किल लीश (हात सुटला की पतंगातली हवा जाते तो पट्टा), आणि शक्यतो ढील देता येणारा डीपॉवर पतंग, हे दोन्हीकडे सारखंच लागतं. दोऱ्या डायनिमाच्या (फार मजबूत कृत्रिम धागा) असतात, काच लावलेला मांजा नाही, तरी ताणलेली दोरी कातडं कापते, तेव्हा हाताने पकडायचा मोह आवरा. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी बगीचं लायसन्स आणि थर्ड पार्टी विमा विचारतात, जाण्याआधी त्या त्या बीचचे नियम बघून घ्या, कुठल्या पट्ट्यात परवानगी आहे ते पण.

गावाकडे नेऊ का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांना उतार आहे, रुंदी कमी, संध्याकाळी माणसांची गर्दी, वर वाळूवर गाड्या आणू नका म्हणून ठिकठिकाणी बंदी. आणि वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे वाळूवर चाकं फिरवायची कल्पनाच नको.

मग मधला रस्ता आहे का? आहे, आणि मला तोच सगळ्यात पटतो. चांगल्या फ्रेमची छोटी बगी घ्या, वर्षभर चालवा, मग तिला फक्त रुंद आणि जड मागचा एक्सल बसवा. बऱ्याच कंपन्यांच्या फ्रेमला वेगळा एक्सल लागतो, 20 मिलिमीटरचं बेअरिंग असेल तर चाकं पण अदलाबदल होतात. याने उलटण्याची भीती कमी होते, सरकणं बरंच कमी होतं, डगमग मात्र राहते कारण लांबी तीच राहिली. नुसती वाळूची पिशवी सीटखाली बांधून वजन वाढवणारे पण असतात, त्याने पकड येते, पण हलक्या फ्रेमचा एक्सल त्या वजनाने आणि खड्ड्यांनी हळूहळू वाकतो. पैशाचं म्हणाल तर चांगली रेस बगी छोटीच्या दुप्पट-तिप्पट जाते, आणि मोठा पतंग वेगळा, आधीचा छोटा पतंग तिला पुरत नाही, हा खर्च लोक धरतच नाहीत.

सेकंडहँड बघायला गेलात तर मागे जाऊन गुडघ्यावर बसा आणि दोन्ही मागची चाकं सरळ उभी आहेत का बघा, वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली तर एक्सल वाकलाय. चाक हातात उचलून फिरवा आणि कान द्या, करकर आली तर बेअरिंगमध्ये वाळू आणि मीठ गेलंय, ते स्वस्तात बदलता येतं, घाबरू नका, पण त्यावरून मालकाने दर वेळी गोड्या पाण्याने धुतली का ते कळतं. पुढचा फोर्क धरून पुढे-मागे हलवा, खटखट नको. पुढचा पाइप जिथे बाजूच्या पाइपांना जोडलाय तिथलं वेल्डिंग नखाने घासून बघा, रंगाखाली तडा असतो.

आणि मग बसून बघा, बूट घालून, हार्नेस लावून. दोन्ही पाय पेगवर (पुढच्या चाकाजवळचे पाय ठेवायचे दांडे) ठेवले की गुडघे जरा वाकलेले राहिले पाहिजेत आणि एक पाय पूर्ण दाबला तरी दुसऱ्या पायाची टाच सुटता कामा नये. मोठ्या बगी बहुतेक सहा फुटी लोकांच्या मापाने बनवलेल्या असतात, साडेपाच फुटाच्या माणसाचे पाय तिथे ताणले जातात आणि ताणलेल्या पायाने 80 ला वळवता येत नाही. पुढचा पाइप कमी-जास्त होतो का विचारा, होत नसेल तर कितीही स्वस्तात देत असला तरी ती बगी तिथेच सोडून या.