गिअरबॉक्स खोललाच नाही, पैसे मात्र साडेचौदा हजार

घरी बनवलेली गाडी वापरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून केलेली, किक मारून सुरू होणारी जीप २०२१ च्या डिसेंबरात गाजली, तेव्हापासून आमच्या सांगलीकडं असल्या उद्योगांना लोक हसायचे जरा कमी झालेत. काही मिस्त्र्यांच्या लेखी मात्र आपण आयतं गिऱ्हाईक आहोत. अशा गाडीला ना पार्टचं पुस्तक, ना कामाचा ठरलेला रेट, ना आरसी.

माझी गाडी द्राक्षबागेत क्रेट वाहायला केलेली. मारुती ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स मागं, बसायची जागा पुढं. त्यामुळं मूळचा गिअर रॉड कापून, मधे पाईप घालून लांब केलेला. हा रॉड पुढंमागं सरकतो तेव्हा गिअर पडतो. कुठल्या जोडीतला (पहिला-दुसरा की तिसरा-चौथा) पडायचा, ते तो स्वतःभोवती थोडा फिरून ठरवतो. ऐन काढणीत पहिला, दुसरा आणि रिव्हर्स पडेनासे झाले. तिसरा-चौथा मात्र बिनतक्रार.

जाणकाराला इथंच कळायला हवं. रॉड सरकतोय पण फिरत नाही, म्हणजे रॉडच्या जॉइंटची पिन तुटली किंवा बुश (पिनेभोवतीची नळी) गेला. बॉक्समधली स्प्रिंग सिलेक्टरला (गिअर निवडणाऱ्या भागाला) मधल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या जागी धरून ठेवते, म्हणून तेवढेच दोन मिळतात. तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीनं गाडीखाली डोकंही न घालता सांगितलं, "मालक, सिलेक्टर फोर्क वाकलाय, रिंगा पण गेल्यात. बॉक्स उतरवायला लागतोय." फोर्क म्हणजे बॉक्सच्या आत गिअर सरकवणारा चिमटा, रिंगा म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी कड्या. बागेत माल तयार, व्यापारी दारात. हो म्हणालो.

गाडी परत मिळाली तेव्हा सगळे गिअर पडत होते. हातात एक घासलेली पितळी रिंग ठेवली, "ही बघा तुमची." बिल साध्या कागदावर, एका ओळीत: रिपेरिंग १४,५००. त्यात नवं गिअर ऑईल आणि "सीमलेस" (बिनशिवणीचा) पाईपही आला, असं तोंडी.

काढणी संपायच्या आत गिअर पुन्हा अडले; रॉड त्या जॉइंटवरच तुटला. या वेळी गावातल्या लेथवाल्या चाचांकडं नेली. त्यांनी आधी जॉइंटवरचा काळा रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली टाचणीनं टोचल्यासारखी भोकाभोकाची वेल्डिंग. पाईपच्या आत बोट फिरवून म्हणाले, "सीमलेस कसला? आत शिवण लागतीय. जस्त चढवलेला पाण्याचा पाईप हाय हा." जस्त न काढता वेल्डिंग केलं की त्याचा धूर होतो आणि जोडात पोकळ्या राहतात. वरून ग्राइंडर मारून रंग दिला की कुणाला दिसतंय?

मग बॉक्सकडं बघितलं. दोन अर्ध्यांमधला सीलंट जुनाच, बोल्टांच्या डोक्यांवर वर्षांची मातीची पापडी, कुठंही पान्याची ताजी खूण नाही. ड्रेन प्लग सैल केला तर आतून काळंकुट्ट तेल. आणि ती रिंग! चालत्या बॉक्समधून निघालेली रिंग तेलानं माखलेली असते. ही कोरडी, खाचांत धूळ बसलेली. न जाणो किती गिऱ्हाइकांच्या हातावरून फिरून आली असेल.

चाचांनी जस्त नसलेला जाड पाईप, नवी पिन आणि बुश घालून काम केलं ते नऊशे रुपयांत.

पैसे परत मागायला गेलो तर मिस्त्री हसला. "गाडीला नंबर हाय का? आरटीओला फोन लावू का?" या धंद्याची खरी गोम हीच. माझी गाडी टेंपोत घालून नेली होती, रस्त्यावर चालवली नव्हती. पण समजा, नंबर नसणं गुन्हा असला, तरी न केलेल्या कामाचे पैसे घ्यायची त्याला मुभा कशी मिळते?

तुमची गाडी अशीच अडली तर इंजिन बंद ठेवून रॉड बॉक्सपासून सोडवा आणि बॉक्सचा शाफ्ट पान्यानं पकडून हातानं फिरवा-सरकवा. सगळे गिअर पडत असले, तर बॉक्स खोलायला कुणालाही देऊ नका. दोष बाहेर आहे. द्यायचाच झाला तर दोन-तीन बोल्टांवर नेलपॉलिशची रेघ ओढून फोटो काढा. वेल्डिंग रंगवायच्या आधी बघायचं, हेही आधीच ठरवून घ्या. बिलात पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडं २ वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तो कागद, रिंग आणि पाईपचा तुकडा एका पिशवीत घालून ठेवलाय. मिस्त्रीला हे कळल्यावर त्याचा माणूस दोनदा "मिटवून घ्या" म्हणत घरी येऊन गेला. अर्धे पैसे देतो म्हणतोय. मी पूर्ण मागितलेत.