तायक्वांदो: किक पक्की, वेल्क्रो कच्चा

परवाच्या बेल्ट परीक्षेत चिरंजिवांची फाइट सुरू झाली आणि दुसऱ्याच किकला डाव्या पायाचा शिन गार्ड, म्हणजे नडगीचं पॅड, सुटून घोट्यावर आला. सरांनी 'काल्यो' म्हणून थांबवलं, पट्टा दाबून बसवला, 'केसोक' म्हणाले, की पुढच्या किकला गार्ड परत खाली. शेवटी दुसऱ्या एका मुलाचा मागून घातला. पास झाला, ग्रीन बेल्ट मिळाला, फोटो झाले. माझं डोकं मात्र त्या वेल्क्रोत अडकलंय, तेव्हा अनुभव लिहूनच टाकते.

तायक्वांदो कोरियाचं, ऑलिम्पिकमध्ये 2000 च्या सिडनीपासून पदकाचा खेळ, कराटेपेक्षा पायांचं काम जास्त, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. मुलगा तिसरीत, मी पतसंस्थेत कॅश काउंटरला. जूनपासून दोघंही इथं कोल्हापुरात क्लासला जातोय. खरं तर नाव त्याचंच घातलं होतं, मी बाहेर बाकावर बसायची. सर म्हणाले, "ताई, बसून काय करताय, आत या की. तुमची फी निम्मी." निम्मी म्हटल्यावर मी चप्पल काढली. क्लासचं आणि गार्डच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

आता गार्डचं. हेड गार्ड आणि चेस्ट गार्ड क्लासचे असतात, आलटून पालटून घालता येतात. हातापायांचे गार्ड, माउथ गार्ड, ग्रोइन गार्ड मात्र स्वतःचे हवेत, आणि ते 'आपल्या नेहमीच्या' दुकानातूनच घ्या असा आग्रह. बिल 2,400 रुपये, तेही कच्चं. दिवाळीपर्यंतच वेल्क्रोच्या कडक बाजूत टॉवेलचे धागे, केस आणि मॅटचा चुरा गच्च भरला. जुन्या टूथब्रशनं घासून काढलं, थोडे दिवस बरं चाललं. मग नीट बघितलं तर खरा दोष इलॅस्टिकच्या शिवणीत होता. एकच टीप, तीही कडेला निसटलेली. दुकानदाराला नेऊन दाखवलं. "वहिनी, वेल्क्रोची गॅरंटी कोण देतंय? नवीन जोडी घ्या, शंभर कमी करतो." मी आवाज चढवला तेव्हा एक माउथ गार्ड फुकट दिला. मोठ्या माणसाच्या मापाचा.

शेवटी चप्पल लाईनला, चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, पट्टे शिवणाऱ्या एका मामांकडं गेले. त्यांनी गार्ड उलटासुलटा केला, दात नसल्यासारखा तो वेल्क्रो दोनदा चिकटवून सोडवला आणि म्हणाले, "ह्याला चामड्याचा पट्टा आन् बक्कल मारतो, बैल बांधला तरी सुटायचं न्हाई." पण फाइटमध्ये अंगावर धातूचं काही चालत नाही, समोरच्याला लागतं. मग त्यांनी रुंद इलॅस्टिक घेतलं, नवा वेल्क्रो लावला आणि नायलॉनच्या दोऱ्यानं चौकोन शिवून मधे फुली मारली. दोन्ही पायांचे 80 रुपये. ज्यांना किट घ्यायचंय त्यांनी नवं असतानाच ही फुली मारून घ्या. दुकानात विचारून उपयोग नाही.

मुलाला काय फायदा झाला, तर दिवाळीपर्यंत कुणी विचारलं असतं तर मी सरळ 'पैसे वाया' म्हणाले असते. पत्रकात शिस्त, एकाग्रता, आत्मविश्वास असं सगळं छापलेलं असतं. आमच्या घरात फक्त सोफ्याच्या उशा फुटत होत्या. मत बदललं ते पूमसेमुळे, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली. तेगुक इल जांग हा पहिला पूमसे, 18 हालचालींचा. आधी मला ती कवायतच वाटायची. डावीकडं वळून खालचा ब्लॉक, पुढं पाऊल टाकून पंच, मग तसंच्या तसं उजवीकडं, आणि सगळं संपवून जिथून निघालात तिथंच यायचं. शेवटच्या पंचला ओरडायचं, त्याला किहाप म्हणतात. एखादं पाऊल छोटं पडलं की शेवटी माणूस भलत्याच जागी उभा राहतो, आणि कुणी न सांगता त्याला स्वतःलाच कळतं. चिरंजीव सुरुवातीला दर वेळी खिडकीपाशी पोचायचे. हल्ली जागेवर येतात.

दुसरं म्हणजे थांबणं. 'जुनबी' (तयार) झाल्यावर 'शिजाक' (सुरू) ऐकू येईपर्यंत हलायचं नाही, आणि सर मुद्दाम वेळ काढतात. घरी कॅरम हरला की हा पूर्वी बोर्डच उलटा करायचा. आता तोंड वाकडं करतो, पण सोंगट्या स्वतः परत लावतो. हे तायक्वांदोमुळे की वय वाढल्यामुळे, देव जाणे. पण आठवड्यातून तीनदा आपल्यापेक्षा बुटक्या मुलीच्या लाथा छातीवर खाऊन वाकून नमस्कार करावा लागत असेल, तर कॅरमचं दुःख थोडं कमी होत असावं.

मोठ्यांनी यावं का? यावं, पण गुडघे सांभाळून. दोल्यो चागी, म्हणजे आडवी गोल किक, मारताना सगळं लक्ष उचललेल्या पायाकडं जातं. गडबड उभ्या पायाची असते. त्या पायाचा चवडा फिरून टाच समोरच्याच्या दिशेला यायला पाहिजे. तो जमिनीला रुतून राहिला आणि कंबर मात्र फिरली, तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. आमच्या बॅचमधल्या दोघी गुडघा धरून बसल्या त्या याच कारणानं. महिनाभर भिंत धरून नुसता चवडा फिरवायला लावतील असे सर शोधा. पहिल्याच आठवड्यात डोक्याएवढी किक शिकवणारे नकोत.

माझी दिवसभर खुर्चीत बसून धरणारी कंबर आता बरीच मोकळी आहे. वजन उतरलं नाही, कारण क्लास सुटला की रंकाळ्यावर भेळ. पण सलवार घालताना भिंत धरावी लागत नाही, एका पायावर सुखानं उभी राहते. चाळिशीला टेकलेल्या बाईला याची किंमत कळेल. किहापचाही फायदा झाला. पहिल्या दिवशी माझा आवाजच फुटेना, मुलं फिदीफिदी हसली. आता काउंटरला एखादा ग्राहक ओरडायला लागला तर माझाही आवाज पोटातून येतो, आणि शिपाई धावत येतो.

स्वसंरक्षणाबद्दल मात्र पत्रकावर विश्वास ठेवू नका. आमचे सासरे ऐन तारुण्यात तालमीत होते. माझी किक बघून म्हणाले, "पाय वर आला की पट काढायचा, संपलं." म्हणजे तोच पाय धरून पाडायचं. खोटं नाही ते. वर्ल्ड तायक्वांदो या जागतिक संघटनेच्या नियमांत धडावर पंच मारला तर 1 गुण, धडावर किक 2, डोक्यावर किक 3, गिरकी घेऊन मारली तर त्याहून जास्त. डोक्यावर पंच मारायला बंदीच, आणि धरायचं तर नावच नाही. त्यामुळे खेळणाऱ्याचे हात खाली राहायची सवय लागते. रस्त्यावर कुणी मनगट धरलं तर दोल्यो चागी कामाची नाही. अंतर ठेवणं, पटकन मागं सरणं आणि बेंबीच्या देठापासून ओरडणं एवढं नक्की येतं. मी तेवढ्यावर खूश आहे, सासरे नाहीत. नातवाला खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उतरवायचं त्यांच्या डोक्यात आहे.

परीक्षा फी हा मात्र खरा खड्डा. पांढरा, पिवळा, हिरवा इथवर ठीक. हिरव्यानंतर निळा येईल म्हणाल तर नाही, मधे ग्रीन वन. मग ब्लू, ब्लू वन, रेड, रेड वन, आणि मग काळा. प्रत्येक पायरीला आमच्याकडं 900 रुपये. पट्टा कापडाचा, सर्टिफिकेट क्लासचं. घाई करणाऱ्या पालकांसाठी सांगते, पंधरा वर्षांखालच्या मुलाला काळ्या पट्ट्याला 'दान' ही मोठ्यांची श्रेणी मिळत नाही, मुलांचा 'पूम' मिळतो. सोलच्या कुक्कीवॉनकडं, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्यालयाकडं, नोंद होणार का, हे आधीच विचारून घ्या. आणि दहावीच्या क्रीडा गुणांसाठी बेल्ट चालत नाही, स्पर्धा लागतात. आमच्या शेजारच्या वैनींनी पट्ट्यांवर किती घातले ते सांगत नाही, त्यांना वाईट वाटेल.

डोबोकबद्दल, म्हणजे तायक्वांदोच्या गणवेशाबद्दल, एकच. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात तो वाळत नाही. जाड पांढरं कापड, फॅनखाली रात्रभर ठेवलं तरी काखेत ओलं आणि कुबट वासाचं. इस्त्रीनं वाळवलं तर वास पक्का होतो. दोन घ्या. माझ्यासारखी चिक्कू बाई सांगतेय म्हणजे समजून घ्या.

एकंदर चालू ठेवणार. मुलगा नाही म्हणाला तरी मी जाणार, फक्त ब्लूची परीक्षा एक वेळ चुकवीन, 900 वाचतील. मोठ्यांची वेगळी सकाळची बॅच हवी असं आम्ही सरांना कधीपासून म्हणतोय, ते म्हणतात आठ जण आणा, उद्या सुरू करतो. सध्या पाच आहोत. राजारामपुरी, शाहूपुरीकडचं कुणी असेल तर या. मॅट पुसायची पाळी प्रत्येकाला येते, फडकं घरून आणायचं.