अलोकइन्फो: कर्नलची मेमरी कोण खायलंय ते ओळ नंबरासकट

लातूरला आमच्या सर्व्हरची रॅम हळूहळू कमी व्हायली होती, तेव्हा लिनक्स ६.१० मधी (२०२४) आलेलं अलोकइन्फो (/proc/allocinfo, कर्नलच्या म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या कुठल्या कोडनं किती मेमरी घेतली ते दाखवणारी फाइल) लावून बघितलं, लई कामाचं हाय राव, बाइट किती, अलोकेशन (घेतलेले मेमरीचे तुकडे) किती, फाइल, ओळ नंबर अन् फंक्शन सगळं एकाच रांगेत, सॉर्ट मारलं की चोर वर येतंय. आधीचं पेज ओनर (मेमरीचं पान कोणी घेतलं ते नोंदवणारं कर्नलमधलंच साधन) म्हणजे नुसता स्टॅक ट्रेसचा (कुठल्या फंक्शननं कुठल्याला बोलावलं त्या यादीचा) ढिगारा, वाचून डोळे दुखायचे. ओओएमच्या (मेमरी पार संपल्यावर येणाऱ्या) रिपोर्टमधी पण सगळ्यात जास्त खाणारे १० छापतंय, हे बेस्टच. पण आकडे नुसते बाइटमधी, एमबी तुम्हीच करत बसा, अन् कर्नल बिल्ड करतानाच ऑप्शन चालू पाहिजे. मेमरी कोणाकोणामार्फत मागितली त्याचा पूर्ण माग (स्टॅक ट्रेस) मात्र देत नाही, तिथं परत पेज ओनरच.