ड्रॉपर की कर्व्हज? मांडवातल्या फोटोंचा रंग काढताना

फोटोशॉप असो की फुकटातलं गिंप, फोटोवर चढलेला नको तो रंग उतरवायला बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. लेव्हल्स या उजेड-रंग जुळवायच्या खिडकीतला करडा ड्रॉपर उचलून फोटोतल्या एखाद्या राखाडी जागेवर क्लिक करायचं, नाहीतर कर्व्हज, म्हणजे गडद ते उजळ दाखवणारी रेघ, उघडून लाल, हिरवा, निळा असा प्रत्येक रंगाचा थर (चॅनल) एकेक करून हाताने वाकवायचा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, असेल तर टेम्परेचर-टिंट या रंग सरकवायच्या दोन पट्ट्यांवरच बरंच काम भागतं. प्रश्न येतो तो जेपेगचा, म्हणजे कॅमेऱ्यातून तयार होऊन आलेल्या नेहमीच्या फोटोचा.

वेगात ड्रॉपरला तोड नाही. हॉलमधलं लग्न, सगळीकडे सारखाच उजेड, आणि सुरुवातीला कुणाच्या तरी हातात करडं कार्ड (रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा) धरून एक फोटो काढलेला असेल, तर एका क्लिकची सेटिंग सगळ्या फोटोंवर टाकून मोकळं होता येतं. अशा कामाला कर्व्हज घेऊन बसणं म्हणजे उगाच उशीर.

पण कार्ड धरतो कोण? आणि कार्ड नसेल तर आपल्या खान्देशातल्या मांडवात राखाडी असं सापडतं काय? वर लाल-गुलाबी कापड, खाली हळद, शालू, फेटे. उरते ती म्हाताऱ्या माणसांची पांढरी टोपी, आणि माझं घोडं अडलं ते तिथेच. टोपी निळीतून काढलेली असते. नीळ नसली तरी धुण्याच्या पावडरीत असं काही असतं की ते उन्हातले अतिनील किरण घेऊन निळसर उजेड फेकतं. ड्रॉपर क्लिकच्या जागी तिन्ही रंग सारखे करतो, म्हणजे टोपीतला निळा काढायला अख्ख्या फोटोत पिवळा ओततो. आधीच हळद लागलेली, त्यात सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. टोपीच्या घडीत क्लिक केलं तर फोटो एक रंग दाखवतो, कडेवर केलं तर दुसरा. मे महिन्याच्या उन्हात तीच टोपी जास्त उजेडाने पार पांढरी पडून २५५ला, म्हणजे तिन्ही रंगांच्या सर्वांत वरच्या आकड्याला, टेकली असेल, तर तिथे रंगाची माहितीच शिल्लक नसते.

रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो बटणाचं तर बोलूच नका. फोटोची सरासरी करडी असणार असं धरून चालणारी ऑटो नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर लावून बघा. मिरची मळकी होते, सावल्या हिरवट-निळ्या होतात.

कर्व्हज शिकायला वेळ लागतो, हे कबूल. हिरवा खाली ओढला की जांभळट गुलाबी वाढतो, निळा ओढला की पिवळा, एवढं हाताला बसेपर्यंत चिडचिड होते. पण मांडवाच्या कापडाची लाली चेहऱ्यावर असते, मांडवाबाहेरच्या उन्हावर नसते. कर्व्हजमध्ये वरचा बिंदू जागेवर ठेवून लालचा फक्त मधला भाग किंचित दाबता येतो. टोपी शोधायची गरज नाही, चेहऱ्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे बघितले की पुरतं. आपल्या त्वचेत साधारणपणे लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, निळा सर्वांत कमी. निळा हिरव्याच्या वर गेला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

टोन, म्हणजे फोटोचा उजेड-अंधार, तोही कर्व्हजमध्ये तिथल्या तिथे जुळतो. तिन्ही चॅनलवर मिळून कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही भडकतात आणि हळद केशरी होते. फोटोशॉपमध्ये त्यासाठी कर्व्हजच्या लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी ठेवायचा, म्हणजे फक्त उजेड बदलतो, रंग नाही. फार ओढाताण मात्र जेपेग सोसत नाही, कारण प्रत्येक चॅनलला २५६च पायऱ्या असतात. मग आकाशात पट्टे उठतात.

स्टेजवर एलईडी आणि मागे संध्याकाळचं आभाळ, असा दुहेरी उजेड असेल तर दोन्ही वाटांना मास्क, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरताच बदल लावणारा पडदा, लागतोच. तिथे कुणी कमी-जास्त नाही.

घाईचं काम असेल आणि कार्ड धरलेलं असेल, तर ड्रॉपर खुशाल वापरा. माझा हात मात्र कंट्रोल-एमकडेच, म्हणजे फोटोशॉपमध्ये कर्व्हज उघडणाऱ्या बटणांकडेच, जातो. शिकायचं ठरवलंत तर आधी निळ्या चॅनलला हात घाला, हळदीचे फोटो तिथेच सुटतात.